होम थिएटर घेताय? वॅटचा आकडा नंतर, आधी खोली मोजा. ‘क्रॉसओव्हर’ची एक सेटिंग करते निम्मं काम

सिनेमातली माणसं काय बोलतात ते कळत नाही म्हणून आवाज वाढवायचा आणि मारामारी सुरू झाली की रिमोट शोधून कमी करायचा. होम थिएटर घेतलेल्या बऱ्याच घरांत रोज हेच चालतं. सबवूफर सारखा घुमतो, मांडणीवरची भांडी वाजतात, छोट्या स्पीकरमधून आवाज फाटतो. मग दोष कंपनीला दिला जातो, नाहीतर ‘आपण कमी वॅटचा घेतला’ असं वाटून आणखी मोठ्या सेटचा विचार सुरू होतो.

बहुतेक वेळा सेट खराब नसतो. कोणता आवाज कोणत्या स्पीकरने काढायचा, ही वाटणी चुकलेली असते. या वाटणीलाच क्रॉसओव्हर म्हणतात. ती दुरुस्त करायला पैसे लागत नाहीत. आणि नवीन सेट घेणाऱ्याला ती आधी समजली, तर गरज नसलेल्या मोठ्या डब्यावर जाणारे काही हजार वाचतात.

जड आवाज, बारीक आवाज

माणसाच्या कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. हर्ट्झ म्हणजे एका सेकंदात हवा किती वेळा थरथरली तो आकडा. आकडा लहान तेवढा आवाज जड, आकडा मोठा तेवढा बारीक. भजनात पखवाजाच्या कणीक लावलेल्या बाजूवर थाप पडते तो जड आवाज आणि टाळांचा किणकिणाट तो बारीक.

आकडे लक्षात राहत नसतील तर गावातली डीपी आठवा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे. तिच्यामुळे डीपीजवळ जी ‘हूं’ अशी गुणगुण ऐकू येते ती मुख्यतः त्याच्या दुप्पट, म्हणजे १०० हर्ट्झची असते. होम थिएटरमधली वाटणी याच आवाजाच्या आसपास होते. त्याहून जड ते सबवूफरचं काम, त्याहून बारीक ते बाकीच्या स्पीकरचं.

आता बोलण्याचं पाहू. पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर साधारण ८५ ते १८० हर्ट्झ, बाईच्या आवाजाचा १६५ ते २५५ हर्ट्झ. पण शब्द नीट कळतो तो स, श, त, ट, क अशा अक्षरांमुळे आणि त्यांचा जोर २,००० हर्ट्झच्या वर असतो. म्हणून बेसचं बटण फिरवून संवाद कधीच स्पष्ट होत नाहीत. उलट बेस जास्त झाला की तो शब्दांना झाकून टाकतो.

छोटा स्पीकर फाटतो का?

स्पीकरचा पडदा, म्हणजे कोन, पुढे-मागे हलून हवा ढकलतो. आवाज जेवढा जड, तेवढी जास्त हवा ढकलावी लागते आणि हा हिशेब फार झपाट्याने वाढतो. हर्ट्झचा आकडा निम्मा झाला की तेवढाच मोठा आवाज काढायला कोनाला चौपट हलावं लागतं. १६० हर्ट्झला कोन १ मिलिमीटर हलत असेल, तर ८० हर्ट्झला ४ मिलिमीटर आणि ४० हर्ट्झला तब्बल १६ मिलिमीटर हलावा लागेल. तीन इंची स्पीकरचा कोन एवढा हलूच शकत नाही. जबरदस्ती केली तर आवाज फाटतो, शेवटी कॉइल जळते किंवा कोन सुटतो.

मोठ्या स्पीकरला हे सोपं जातं, कारण त्याचा पडदाच मोठा. ४ इंचीपेक्षा ८ इंची स्पीकर दिसायला दुप्पट वाटतो, पण त्याच्या पडद्याचं क्षेत्रफळ चौपट असतं. ८ इंचीपेक्षा १२ इंचीचं सव्वादोन पट. म्हणून जड आवाजासाठी एक मोठा सबवूफर वेगळा ठेवतात आणि छोट्या स्पीकरवरचा तो बोजा काढून घेतात. बोजा उतरला की तोच छोटा स्पीकर संवाद स्वच्छ काढतो.

कोणत्या खोलीला केवढा?

दुकानात जाण्याआधी टेप घेऊन खोलीची लांबी, रुंदी आणि टीव्हीपासून बसण्याची जागा किती फुटांवर आहे ते मोजावं. ढोबळ अंदाज असा:

- १० बाय १० किंवा १० बाय १२ ची खोली: ३ ते ४ इंची स्पीकर आणि ८ इंची सबवूफर पुरेसा होतो.
- १२ बाय १६ च्या आसपासची बैठकीची खोली: ४ ते ५ इंची स्पीकर आणि १० इंची सबवूफर.
- त्याहून मोठा हॉल, किंवा बैठक आणि स्वयंपाकघर मोकळं एकत्र: ५ ते साडेसहा इंची स्पीकर आणि १२ इंची सबवूफर.

छोट्या खोलीत १२ इंची सबवूफर आणला तर मजा वाढेलच असं नाही. प्रत्येक खोली काही ठरावीक जड आवाज स्वतःच फुगवते. १० बाय १२ च्या पक्क्या भिंतींच्या खोलीत हे फुगणं साधारण ४७ आणि ५६ हर्ट्झला होतं, कारण त्या आवाजाच्या लाटेची निम्मी लांबी बरोबर भिंतीपासून भिंतीपर्यंत बसते. त्यामुळे प्रत्येक गाण्यात तोच एक ‘धूं’ ऐकू येतो आणि ढोल कोणता, तबला कोणता, ते वेगळं कळत नाही. पत्र्याच्या घरात दुसरा प्रकार. तिथे बेस बराचसा बाहेर निघून जातो आणि पत्रे, खिळे, खिडकीच्या काचा वाजायला लागतात.

वॅटच्या आकड्याने फसू नका

खोक्यावर हजारो वॅट लिहिलेले असतात. त्यापुढे ‘पीएमपीओ’ ही अक्षरं असतील तर तो आकडा सोडून द्यावा. तो क्षणभराच्या, कागदावरच्या ताकदीचा असतो आणि तो कसा काढायचा याला एकच ठरलेली पद्धत नाही. सेट सतत किती ताकद देऊ शकतो ते ‘आरएमएस’ सांगतो. दोन सेटची तुलना करायची तर आरएमएसच पाहावा.

तिथेही दुप्पट वॅट म्हणजे दुप्पट आवाज नाही. वॅट दुप्पट झाले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो आणि कानाला तो थोडासाच मोठा वाटतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. त्यामुळे ४० ऐवजी ५० वॅटसाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही. त्याच पैशात चांगला सेंटर स्पीकर असलेला सेट मिळत असेल तर तो घ्यावा, कारण ५.१ च्या सिनेमात बहुतेक संवाद सेंटर स्पीकरमधूनच येतात.

सेटिंग: ८० हर्ट्झपासून सुरुवात

ज्यांच्याकडे रिसिव्हर आणि वेगळे स्पीकर आहेत त्यांना मेन्यूमध्ये ‘स्पीकर सेटअप’ सापडेल. तिथे प्रत्येक स्पीकरपुढे ‘लार्ज’ किंवा ‘स्मॉल’ निवडता येतं. याचा स्पीकरच्या उंची-रुंदीशी संबंध नाही. ‘लार्ज’ म्हणजे या स्पीकरला सगळा जड आवाजही द्या. ‘स्मॉल’ म्हणजे ठरलेल्या हर्ट्झच्या खालचा आवाज सबवूफरकडे वळवा. ‘आपला स्पीकर मोठा आहे’ म्हणून अनेकजण लार्ज ठेवतात. तीन-चार इंची स्पीकरला लार्ज ठेवणं म्हणजे वासराला नांगराला जुंपणं. घरात सबवूफर असेल तर उंच टॉवर स्पीकरलाही ‘स्मॉल’च ठेवलेलं बरं पडतं.

मग प्रश्न उरतो किती हर्ट्झचा. सुरुवात ८० पासून करावी. थिएटरच्या आवाजाचा दर्जा ठरवण्यासाठी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या लुकासफिल्म कंपनीत ‘टीएचएक्स’ सुरू झालं. पुढे घरच्या सेटसाठीही त्यांनी ८० हर्ट्झ हाच आकडा धरला. त्यामागे कारण आहे. एवढा जड आवाज नेमका कोणत्या दिशेने येतोय ते कानाला सहज ओळखता येत नाही. ८० हर्ट्झची लाट जवळपास १४ फूट लांब असते. त्यामुळे सबवूफर कोपऱ्यात असला तरी दणका पडद्यावरूनच आल्यासारखा वाटतो.

स्पीकर लहान असेल तर आकडा वर न्यावा लागतो:

- अडीच ते ३ इंची: १२० ते १५० हर्ट्झ
- ४ इंची: १०० ते १२० हर्ट्झ
- ५ इंची: ८० ते १०० हर्ट्झ
- साडेसहा इंची आणि टॉवर: ६० ते ८० हर्ट्झ

स्पीकरच्या मागे किंवा पुस्तिकेत ‘७० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ’ असं लिहिलेलं असतं. त्यातला पहिला आकडा म्हणजे स्पीकरची खालची मर्यादा. क्रॉसओव्हर तिच्या थोडा वर ठेवावा. ७० लिहिलं असेल तर ८० किंवा ९०, आणि १०० लिहिलं असेल तर १२०.

आकडा १२० च्या वर गेला की एक अडचण येते. पुरुषाच्या आवाजाचा काही भाग सबवूफरमधून यायला लागतो. सबवूफर दिवाणाखाली ढकलला असेल तर माणूस पडद्यावर आणि आवाज दिवाणाखालून, असा प्रकार होतो. अशा सेटमध्ये सबवूफर टीव्हीजवळच ठेवावा.

आणखी चार गोष्टी एकदाच तपासून घ्याव्यात.

पहिली, सबवूफरच्या मागचं क्रॉसओव्हरचं बटण. वाटणी रिसिव्हर करत असेल तर हे बटण सर्वात वरच्या आकड्यावर किंवा ‘एलएफई’वर ठेवावं. नाहीतर चाळणी दोनदा लागते आणि मधला आवाज गळून जातो.

दुसरी, मेन्यूमधला ‘एलएफईचा एलपीएफ’. ५.१ मधला ‘.१’ म्हणजे सिनेमातल्या स्फोट, ढगांचा गडगडाट अशा दणक्यांचा वेगळा चॅनल. तो १२० हर्ट्झपर्यंत असतो, म्हणून ही सेटिंग १२० वरच राहू द्यावी. वर सांगितलेला ८० चा आकडा स्पीकरसाठी आहे, याच्यासाठी नाही.

तिसरी, ‘डबल बेस’ किंवा ‘एलएफई प्लस मेन’. ती बंद ठेवावी. तिच्यामुळे एकच जड आवाज स्पीकर आणि सबवूफर दोघांनाही जातो आणि घुमणं वाढतं.

चौथी, सबवूफरवरचं ‘फेज’चं बटण, ० आणि १८०. ढोल असलेलं गाणं लावून नेहमीच्या जागी बसावं आणि दुसऱ्याला बटण बदलायला सांगावं. ज्या बाजूला ठोका भरीव वाटतो ती बाजू बरोबर.

तयार सेट आणि साउंडबार असेल तर?

गावात जास्त खपतो तो एक मोठा डबा आणि पाच छोट्या स्पीकरचा तयार सेट. त्यात क्रॉसओव्हरचं बटण नसतं, वाटणी आतल्या सर्किटमध्येच ठरलेली असते. सबवूफर सोबत येणाऱ्या साउंडबारचंही बहुधा तसंच. अशा वेळी हातात तीन गोष्टी उरतात: सबवूफरची पातळी, त्याची जागा आणि सेंटरची पातळी. सबवूफरची पातळी आधी शून्यावर न्यावी, बातम्या लावून संवाद स्पष्ट होतात का ते पाहावं आणि मग गाणं लावून बेस थोडा थोडा वाढवावा. ‘सबवूफर चालू आहे’ हे वेगळं जाणवायला लागलं की एक पायरी मागे यावं. सेंटरची पातळी बदलता येत असेल तर ती दोन-तीन पायऱ्यांनी वाढवावी. सुरुवातीला सांगितलेला रिमोटचा खेळ याने बराच कमी होतो.

जोडणीही पाहावी. ब्लूटूथ किंवा साध्या ऑक्स वायरने टीव्ही जोडला तर दोनच चॅनलचा आवाज जातो, मग मागच्या स्पीकरला खरा वेगळा आवाज मिळत नाही. टीव्हीच्या ‘एआरसी’ लिहिलेल्या एचडीएमआय पोर्टमधून किंवा ऑप्टिकल वायरने जोडलं आणि कार्यक्रम ५.१ चा असला तरच सेटचं पूर्ण काम दिसतं.

असेंबल सेटवाल्यांसाठी

तालुक्याच्या ठिकाणी मेकॅनिककडून बनवून घेतलेले सेट आजही अनेक घरांत आहेत. त्यात ४४४० आयसीचा बोर्ड फार चालतो. या आयसीची ताकद दोन चॅनलला प्रत्येकी ६ वॅट आणि ब्रिज जोडणीत १९ वॅट एवढीच धरलेली आहे. त्यामुळे अशा एका आयसीच्या बोर्डावर कुणी शंभर वॅट सांगत असेल तर हसून सोडून द्यावं.

अशा डब्यात ट्विटरला लावलेला कपॅसिटर हाच क्रॉसओव्हर असतो. ८ ओहमच्या ट्विटरला ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल तर साधारण ४,२०० हर्ट्झच्या वरचा आवाज त्याला जातो, खालचा कमी कमी होत जातो. २.२ चा असेल तर ही हद्द ९,००० च्या आसपास जाते. कपॅसिटर काढून ट्विटर थेट जोडला तर तो लवकर जळतो. वायर जोडताना लाल-काळी उलटसुलट झाली तर दोन स्पीकर एकमेकांचा बेस खातात. शंका असेल तर वायर ॲम्प्लिफायरमधून काढून स्पीकरला दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावावा. सेलची अधिक बाजू लाल टोकाला असेल तर कोन बाहेर येतो.

जागा शोधायची सोपी युक्ती

सबवूफर कोपऱ्यात ठेवला की बेस सर्वात जास्त येतो, पण घुमतोही जास्त. चांगली जागा शोधायला सबवूफर उचलून बसण्याच्या जागी ठेवावा, बेस असलेलं गाणं लावावं आणि स्वतः भिंतीकडेने वाकून फिरावं. जिथे ठोका स्वच्छ ऐकू येतो, तिथे सबवूफर न्यावा. पत्र्याच्या घरात डब्याखाली जाड रबर किंवा जुनी सतरंजी घालावी. सिमेंटच्या मोकळ्या खोलीत गादी, जाड पडदा, कपड्यांचं कपाट यांनी बोलण्याचा प्रतिध्वनी कमी होतो. बेस मात्र त्याने फारसा आवरत नाही, त्याला जागाच बदलावी लागते.

काहीच वाजत नसताना सबवूफरमधून डीपीसारखी ‘हूं’ येत असेल, तर ती विजेचीच असते. घराचं अर्थिंग तपासून घ्यावं, टीव्ही आणि सेट एकाच बोर्डवर लावावेत आणि आवाजाची वायर विजेच्या वायरपासून दूर ठेवावी.

मोबाइलवर करा चाचणी

मोबाइलवर ‘टोन जनरेटर’ नावाची मोफत ॲप मिळतात. मोबाइल सेटला जोडून, आवाज कमी ठेवून, १५० हर्ट्झपासून खाली १२०, १००, ८०, ६०, ५०, ४० असं एकेक वाजवावं. प्रत्येक आकडा दोन-चार सेकंदच ठेवावा, कारण सलग मोठा टोन वाजवला तर कॉइल तापते. मध्ये एखाद्या आकड्याला आवाज एकदम खाली बसला तर वाटणीत खड्डा पडलाय. क्रॉसओव्हर थोडा वर नेऊन किंवा फेज बदलून पुन्हा पाहावं. एखाद्या आकड्याला एकदम फुगला तर सबवूफरची जागा दोन फूट सरकवून पाहावी. छोटा स्पीकर घरघरला तर त्याचा क्रॉसओव्हर वर न्यावा.

शेजार आणि कान

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. बारीक आवाज भिंतीने अडतो, जड आवाज मात्र भिंतीतून पलीकडे जातो. म्हणून संवाद शेजारी पोचत नाहीत, पण सबवूफर पोचतो. रिसिव्हरमध्ये किंवा साउंडबारमध्ये ‘नाइट मोड’ असेल तर रात्री तो लावावा. त्याने दणका कमी होतो आणि हळू बोलणं वर येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंतच ऐकावा. त्याहून मोठ्या आवाजाला वेळ झपाट्याने कमी होतो.

दुकानात विचारायचे पाच प्रश्न

१. आरएमएस वॅट किती, आणि त्यातले सबवूफरचे किती?
२. सबवूफरचा स्पीकर किती इंची, छोटे स्पीकर किती इंची?
३. क्रॉसओव्हर बदलता येतो का? नसेल तर किमान सबवूफर आणि सेंटरची पातळी वेगवेगळी बदलता येते का?
४. एचडीएमआय एआरसी किंवा ऑप्टिकल जोडणी आहे का?
५. वेगळे स्पीकर घेत असाल तर ते किती ओहमचे, आणि आपल्या ॲम्प्लिफायरला तेवढे चालतात का?

दुकानदार दणक्याचं गाणं लावून दाखवेल. त्याला ते बंद करून बातम्या लावायला सांगावं, बेस मध्यावर ठेवावा आणि आवाज घरी ऐकतो तेवढाच ठेवावा. निवेदकाचा शब्द न् शब्द कळत असेल, तरच पुढे भावाची बोलणी करावीत.